वॉर्डच्या दारापाशी : तुमचे प्रश्न, सिस्टरची उत्तरं

मागच्या अंकात दोनच ओळी लिहिल्या होत्या, की दवाखान्यात स्टाफ आणि नातेवाईक यांच्यात नेमकं कुठे बिनसतं ते कळवा, आणि पत्रं, मेल, व्हॉट्सअ‍ॅप मिळून इतकं आलंय की सगळं छापायचं तर अख्खा अंक लागेल, म्हणून निवडून घेतलंय. नवीन वाचकांसाठी सांगते, मी सरकारी दवाखान्यात ३१ वर्षं नोकरी केली, आधी अधिपरिचारिका आणि नंतर परिसेविका, म्हणजे ज्यांना सगळे इन्चार्ज सिस्टर म्हणतात ते. आणि आईच्या शेवटच्या आजारपणात दीड महिना आयसीयूच्या बाहेर बाकावर बसून पण काढलाय. त्यामुळे दाराच्या दोन्ही बाजू मला माहिती आहेत असं धरून चाला.

प्रश्न : माझ्या सासऱ्यांना पॅरालिसिसचा झटका आला, एका खाजगी हॉस्पिटलच्या आयसीयूत ९ दिवस झाले. एक डॉक्टर म्हणतात स्टेबल आहेत, दुसरे म्हणतात क्रिटिकल आहेत, सिस्टरना विचारलं की डॉक्टरांना विचारा. परवा रात्री माझे दीर ड्युटीवरच्या डॉक्टरवर खूप ओरडले. तेव्हापासून कुणी आमच्याशी धड बोलत नाही. आता याचा राग बाबांवर काढतील का अशी भीती वाटते, रात्र रात्र झोप लागत नाही. – एक सूनबाई, सोलापूर

उत्तर : ताई, आधी त्या भीतीचं बोलू कारण ती मला फार जणांनी कळवलीये. इतक्या वर्षांत माझ्या वॉर्डात नातेवाईकांशी कितीतरी वेळा वाजलं असेल, पण म्हणून त्या पेशंटची कूस बदलायची राहिली, सलाईन संपून तसंच लटकलं असं मी होताना पाहिलं नाही. इंजेक्शनच्या वेळा चार्टवर असतात, पुढच्या ड्युटीला त्या मोजून द्याव्या लागतात. जे खरंच होतं ते वेगळं असतं. स्टाफ तुम्हाला टाळायला लागतो. काचेतून तुम्ही दिसलात की सिस्टर दुसऱ्या बेडकडे जाते, डॉक्टर दोन शब्दांत उरकतो, आणि तिथे नुकसान पेशंटचंच होतं, कारण घरच्यांकडून कळायच्या गोष्टी आत पोचत नाहीत. बाबांना डाव्या कानाने कमी ऐकू येतं, घरी ते झोपेची गोळी घेत होते, तंबाखू होती, या गोष्टी कुठल्याच रिपोर्टात येत नाहीत, त्या तुम्हीच सांगायच्या असतात.

आता स्टेबल आणि क्रिटिकल. दोन्ही डॉक्टर खरं बोलत असतील हे लक्षात घ्या. आयसीयूत स्टेबल म्हणजे गेल्या काही तासांत बदल नाही, बीपी, नाडी, ऑक्सिजन आहे तिथेच आहे, एवढंच. धोका टळला असा त्याचा अर्थ अजिबात नाही. व्हेंटिलेटरवर असलेला, बीपी इंजेक्शनवर टिकवून ठेवलेला पेशंट पण स्टेबल असू शकतो आणि तोच क्रिटिकल पण असतो. घरचे मात्र स्टेबल ऐकलं की गावाला फोन करून सांगतात बाबा बरे होतायत, आणि दुसऱ्या दिवशी काही बिघडलं की वाटतं काल खोटं बोलले. झटक्याच्या पेशंटमध्ये तर पहिले काही दिवस मेंदूला सूज वाढते, मग गिळता येत नाही म्हणून छातीत कफ होऊन न्यूमोनिया होतो, त्यामुळे वरखाली होत राहतं. म्हणून शब्दावर थांबू नका, विचारा की कालच्यापेक्षा आज काय बदललं, उद्यापर्यंत तुम्ही कशाकडे लक्ष ठेवून आहात, आणि आम्ही मनाची तयारी कशाची करायची. हे तीन प्रश्न विचारलेत की बहुतेक डॉक्टर थांबून बोलतात, कारण पेशंट बरा होईल का याला त्यांच्याकडे उत्तर नसतं पण याला असतं.

आणि घरातल्या एकालाच बोलायला ठेवा. तुम्ही वेगळं विचारता, दीर वेगळं, नणंद फोनवरून वेगळं, प्रत्येकाला वेगळ्या ड्युटीचा माणूस भेटतो, संध्याकाळी सगळे एकत्र बसलात की चार कहाण्या होतात. एक जण ठरवा, त्याचं नाव आणि नंबर फाईलवर लिहून घ्यायला सांगा, आणि मोठे डॉक्टर राऊंडला कधी येतात ते विचारून त्याच वेळेला तिथे हजर राहा. एक साधी वही ठेवा, तारीख घालून त्यात लिहा. मोठे निर्णय रात्रीच्या डॉक्टरला विचारू नका, तो बहुतेकदा आरएमओ, म्हणजे निवासी वैद्यकीय अधिकारी असतो, रात्र सांभाळायला असतो, ऑपरेशन करायचं की नाही हे त्याच्या हातात नसतं. तुमचे दीर नेमके त्याच्यावरच ओरडले.

दिरांना सांगा जाऊन बोलून या. लांबण लावायची गरज नाही, त्या रात्री मी फार घाबरलो होतो, आवाज चढला, चुकलं माझं, एवढं पुरे. तो डॉक्टर ड्युटीवर नसेल तर इन्चार्ज सिस्टरना सांगा, संध्याकाळपर्यंत सगळ्या मजल्यावर पोचतं ते. मी स्वतः बघितलंय, असं कुणी येऊन बोललं की त्याच्या बाबांच्या बेडपाशी आम्ही जरा जास्तच रेंगाळायचो.

प्रश्न : मी खाजगी हॉस्पिटलमध्ये स्टाफ नर्स आहे, २ वर्षं झाली. नातेवाईक आमच्याशी मोलकरणीसारखं बोलतात, लगेच मोबाईल काढून व्हिडिओ करतात, दर पाच मिनिटांनी विचारतात पेशंट बरा होईल ना. उत्तर दिलं तर डॉक्टर ओरडतात तुला कोणी सांगायला सांगितलं, नाही दिलं तर नातेवाईक ओरडतात. कधीकधी ड्युटीवर जाऊच नये वाटतं. – एक सिस्टर, नाशिक

उत्तर : बाळा, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. एक रात्र सांगते तुला, तुझ्याएवढीच होते तेव्हा. पुरुषांचा मेडिसिन वॉर्ड, रात्री साडेदहा-अकराला एक म्हातारे गृहस्थ दम लागून अ‍ॅडमिट झाले, मुलगा बरोबर. नियमाप्रमाणे मी म्हटलं बाहेर थांबा, आणि त्यांच्या चपला आणि कपडे त्याच्या हातात दिले. पहाटे सहाला मी टेंपरेचर घ्यायला निघाले तर हा दारातच माझ्यावर धावून आला, तुम्ही माणसं आहात का म्हणून ओरडायला लागला. मला वाटलं पिऊन आलाय. मावशींनी त्याला बाजूला घेतलं, पाणी दिलं, तेव्हा कळलं की रात्री अकरापासून तो त्या दारापाशी उभाच होता, हातात वडिलांच्या चपलांची पिशवी तशीच धरलेली, पाणी प्यायला खाली गेला नाही, लघवीला गेला नाही, का तर मधे कुणी अमक्याचे नातेवाईक कोण म्हणून हाक मारली आणि मी नसलो तर. सात तास त्याला कुणी एक अक्षर सांगितलं नव्हतं. वडील आत ऑक्सिजनवर शांत झोपले होते, बारालाच बरे झाले होते ते. मी चार वेळा त्याच्या समोरून गेले होते गं.

त्या दिवसापासून मी एक सवय लावून घेतली. पेशंट अ‍ॅडमिट झाला, हातातलं पहिलं काम संपलं, की बाहेर यायचं आणि एवढंच म्हणायचं, बाबांना ऑक्सिजन लावलाय, आत्ता झोपलेत, डॉक्टर सकाळी साडेआठला राऊंडला येतील तेव्हा मी स्वतः तुम्हाला बोलावते, तोपर्यंत त्या बाकावर पडा, काही वाटलं तर उठवीन. अर्धा मिनिट लागतो. वेळ सांगितली की माणूस थांबतो, नुसतं थांबा म्हटलं की तो दर पाच मिनिटांनी येतो, कारण थांबायचं कधीपर्यंत ते त्याला माहीतच नसतं. आणि सांगितलेली वेळ पाळायची, राऊंड लांबला तर साडेआठलाच बाहेर येऊन सांगायचं की डॉक्टर अजून आले नाहीत, दहा वाजतील.

आजार काय, वाचेल का, ऑपरेशन लागेल का, हे तू सांगू नकोस, ते डॉक्टरांनीच सांगायचं, तिथे तुझे डॉक्टर बरोबर आहेत. पण ताप किती आहे, रात्री झोप लागली का, दोन घास खाल्ले का, हे तू बघितलेलं आहे, ते सांगायला कुणाची परवानगी लागत नाही. मला माहीत नाही म्हणून पाठ फिरवू नकोस, म्हण की हे डॉक्टर सांगतील आणि तुमचा प्रश्न मी फाईलवर लिहून ठेवते, आणि खरंच लिही, त्याच्यासमोर लिही. पेशंटला चौदा नंबर म्हणू नकोस, निदान घरच्यांसमोर तरी शिंदे आजोबा म्हण. आणि काही होणार नाही, काळजी करू नका, हे वाक्य चुकून पण बोलू नकोस, ते लोकांच्या लक्षात राहतं.

पेशंट गेला हे सांगताना डॉक्टरांबरोबर तू उभी राहशील तेव्हा बघ, आपल्याकडे तोंडावर शब्द असतात कोलॅप्स झाला, एक्स्पायर झाला. खेड्यातून आलेल्या बाईला त्यातलं काही कळत नाही, ती मान डोलावते आणि विचारते मग आता शुद्धीवर कधी येतील. मी ऐकलंय हे माझ्या कानांनी. गेले, असं मराठीत स्पष्ट सांगायचं, बसवून सांगायचं, दारात उभ्याउभ्या नाही. आणि आत सोडायच्या आधी नळ्या काढ, तोंड पूस, डोळे मीट, चादर सरळ कर. दहा मिनिटं एकटं राहू दे त्यांना.

व्हिडिओचं म्हणशील तर तू मोबाईल हिसकावू नकोस, आवाज चढवू नकोस, शेजारच्या पेशंटचं अंग उघडं आहे दादा, त्यांचा व्हिडिओ होतोय, असं सांग, नव्वद टक्के लोक खाली करतात. नाहीच केला तर सिक्युरिटी आणि इन्चार्जना बोलाव, ते तुझं एकटीचं काम नाही. २०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात पेशंट आणि नातेवाईकांशी कसं बोलायचं हे शिकवतात, चांगलंच आहे, पण लोक सगळ्यात जास्त वेळ ज्यांच्याशी बोलतात त्या सिस्टर, मामा-मावशी म्हणजे वॉर्डबॉय आणि आया, आणि गेटवरचा वॉचमन यांना पण कुणीतरी बसवून शिकवायला हवं हे मी नोकरीत असताना प्रत्येक मीटिंगला बोलले आणि आजही बोलते.

प्रश्न : मुलाचा हात मोडला म्हणून कॅज्युअल्टीला नेलं, आमच्या नंतर आलेल्या तिघांना आधी घेतलं. ओळख असेल तरच नंबर लागतो का? – एक वडील, अहिल्यानगर

उत्तर : कॅज्युअल्टीत नंबर येण्याच्या क्रमाने लागत नाही हो, जीवाला धोका कुणाच्या जास्त आहे त्या क्रमाने लागतो. त्यासाठी प्रत्येक पेशंटला एक रंग ठरवतात, लाल म्हणजे आत्ताच्या आत्ता, पिवळा म्हणजे थोडं थांबू शकतो, हिरवा म्हणजे चालत-बोलत आहे. छातीत दुखणारा माणूस शांत बसलेला दिसतो आणि हात मोडलेलं पोरगं जोरात रडतं, त्यामुळे बाहेरून बघणाऱ्याला उलटंच वाटतं. पण तुमचं पण बरोबर आहे, हे तिथे कुणीतरी एका वाक्यात सांगायला हवं होतं. आपण विचारायचं, आमच्या मुलाला कुठल्या रंगात धरलंय आणि तोपर्यंत दुखण्याचं इंजेक्शन मिळेल का. मात्र वाट बघताना मुलाची बोटं निळी-थंड पडली, मुंग्या आल्या किंवा अंगावर जखम उघडी असेल तर न लाजता परत जाऊन सांगा, मग रंग बदलतो.

प्रश्न : गावावरून जीपगाडी करून अकरा माणसं आजोबांना बघायला मुंबईला आली, गेटवर दोनच पास म्हणून सगळ्यांना अडवलं. चुलत्यांचा फार अपमान झाला, वॉचमनशी हातघाईवर आलं. माणूस शेवटचा बघायला पण परवानगी लागते का? – एक नातू, चिपळूण

उत्तर : आपल्याकडे कुणी आजारी पडलं की बघायला जायचं, नाही गेलं तर नातं तुटतं, हे मला माहिती आहे, माझं माहेर पण खेड्यातलंच आहे. चुलते भेटायला आले यात त्यांचं काही चुकलं नाही. पण ४० बेडच्या वॉर्डात जमिनीवर गाद्या घालून ६० पेशंट असतात आणि प्रत्येकामागे अकरा माणसं आली तर सिस्टरची ट्रॉली पुढे जात नाही, शिवाय ज्याची प्रतिकारशक्ती गेलीये त्याला तुमच्या आमच्या सर्दीचा पण त्रास होतो. २०१७ साली धुळ्यात एका निवासी डॉक्टरला इतकं मारलं की त्याच्या डोळ्याला गंभीर दुखापत झाली, राज्यभरचे निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले, त्यानंतर सरकारी दवाखान्यांत सुरक्षारक्षक वाढले आणि एका पेशंटमागे दोन पास हे कडक झालं. म्हणजे तो वॉचमन स्वतःच्या मनाने अडवत नव्हता.

तरी पण वाट असते. आजोबा खरंच शेवटच्या टप्प्यात असतील तर घरातल्या एकाने आदल्या दिवशीच इन्चार्ज सिस्टरना किंवा युनिटच्या डॉक्टरांना सांगायचं, गावाहून भाऊ येतायत, तब्येत अशी आहे, दोघा-दोघांना पाच मिनिटं सोडाल का. मी तरी अशा वेळी कधी नाही म्हटलं नाही आणि माझ्या ओळखीच्या कुणी म्हटल्याचं आठवत नाही. गेटवर अचानक अकरा जण उभे राहिले की मात्र तिथल्या बिचाऱ्या माणसाकडे नाही म्हणण्यापलीकडे काही नसतं. आणि जीपने आलात तसे डबे पण आणले असतील, तर एक डबा रात्री थांबणाऱ्या माणसासाठी ठेवून जा. पेशंटजवळ थांबणारा बहुतेक वेळा उपाशी असतो आणि उपाशी माणसाचं डोकं लवकर फिरतं.

प्रश्न : मामा-मावशींना चहापाण्याचे पैसे द्यावेत का? नाही दिले तर बेडपॅन देत नाहीत असं ऐकलंय. – नाव नको, पुणे

उत्तर : देऊ नका. बेडपॅन देणं हे काम आहे आणि त्याचा पगार मिळतो. कुणी मागितलेच तर इन्चार्ज सिस्टरना एकटं गाठून सांगा, सगळ्यांसमोर नको. पण मावशींना नावाने हाक मारा, सकाळी कशा आहात विचारा, पेशंटला उचलताना तुम्ही पण एक बाजू धरा. दवाखान्यातली सगळ्यात घाण कामं ही माणसं करतात आणि त्यांच्याकडे बघून कुणी बोलत पण नाही. पेशंट घरी जाताना सगळ्या वॉर्डला पेढे वाटलेत तर ती गोष्ट निराळी, त्यात कुणाचा हात खाली येत नाही.

प्रश्न : माझी मुलगी सरकारी मेडिकल कॉलेजला निवासी डॉक्टर आहे. रात्री तिचा फोन लागला नाही की माझ्या पोटात गोळा येतो. बातम्या बघवत नाहीत. तिला काय सांगू? – एक आई, लातूर

उत्तर : ताई, तुमच्या पोटातला गोळा मला कळतो, माझी भाची त्याच लाईनमध्ये आहे. कायदा आहे, २०१० पासून महाराष्ट्रात दवाखान्यात हिंसाचार केला तर ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंड आहे, गुन्हा अजामीनपात्र आहे, तोडफोडीची दुप्पट भरपाई द्यावी लागते. पण कायदा हात उचलल्यानंतर येतो, मुलीला त्याच्या आधीचं हवंय.

तिला सांगा की गर्दी जमायला लागली, आवाज वाढायला लागला की एकटीने बोलायला जायचं नाही, सीनियर आणि सिक्युरिटी येईपर्यंत थांबायचं, आणि बोलताना दार आपल्या पाठीशी राहील असं उभं राहायचं. गर्दीशी बोलायचंच नाही, गर्दीत एक तरी वडीलधारा असतो, त्याला बाजूला घेऊन खुर्ची द्यायची आणि काका म्हणून त्याच्याशी बोलायचं. बाकीचे त्याचं ऐकतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पेशंट बिघडायला लागला की लगेच सांगायचं, गेल्यावर नाही. मी जी मारामारी जवळून बघितली ती सगळी अशा वेळची, की दुपारी घरच्यांना वाटतंय ठीक आहे आणि रात्री एकदम बातमी. दुपारीच कुणी म्हटलं असतं की किडनी काम करत नाहीये, आम्हाला काळजी वाटतेय, तर रात्री ते रडले असते, मारायला धावले नसते.

बाकी २४-३६ तास सलग ड्युटी केलेल्या पोरीकडून गोड बोलण्याची अपेक्षा करायची आणि तिला झोपायला धड खोली द्यायची नाही, यावर कुठल्याही बोलण्याच्या ट्रेनिंगचा इलाज नाही, हे वरच्या साहेबांनी वाचावं म्हणून इथे लिहितेय. तिचा फोन लागला की आधी जेवलीस का विचारा.

प्रश्न : बिल वाढत चाललंय, केसपेपरच्या झेरॉक्स मागितल्या तर तुमचा आमच्यावर विश्वास नाही का म्हणतात. वाद न घालता हक्काचं कसं मागायचं? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : मागायचं, तोंडी नाही, कागदावर. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे पेशंटने किंवा त्याच्या अधिकृत नातेवाईकाने कागदपत्रं मागितली की ७२ तासांत द्यावी लागतात. दोन ओळींचा अर्ज, तारीख, आणि आपल्या प्रतीवर पोचल्याचा शिक्का. बोलताना म्हणा की दुसरा सल्ला घ्यायचाय म्हणून हवेत, यात कुणावर अविश्वास नाही. खाजगी दवाखान्यांसाठी २०२१ मध्ये राज्याने नियम सुधारले, त्यात रुग्ण हक्कांची सनद आणि दरपत्रक दिसेल असं लावायला सांगितलंय, बिलासाठी मृतदेह अडवून ठेवता येत नाही. ऐकलंच नाही तर शहरात महापालिकेचा आरोग्य विभाग आणि इतर ठिकाणी जिल्हा शल्यचिकित्सक यांच्याकडे तक्रार करता येते.

पण मला वाटतं पैशाचं बोलणं तिसऱ्या-चौथ्या दिवशी तोंडाला फेस आल्यावर करण्यापेक्षा पहिल्याच दिवशी करावं, त्यात लाज कसली. आमची ऐपत एवढी आहे, अंदाज सांगा. राज्य सरकारच्या मोफत उपचारांच्या महात्मा फुले योजनेत हे हॉस्पिटल आहे का ते विचारा, असेल तर तिथे योजनेची मदत करणाऱ्या आरोग्यमित्राचं टेबल असतं, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार बसतात. ट्रस्टचं हॉस्पिटल असेल तर १० टक्के बेड निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांतल्या रुग्णांसाठी राखीव असतात. आणि समाजसेवा अधीक्षकांना भेटा, मोठ्या दवाखान्यात त्यांची खोली असतेच, लोकांना माहितीच नसते. आपल्या देशात हे पद पहिल्यांदा भरलं ते मुंबईच्या जेजे रुग्णालयात, १९४६ साली, म्हणजे घरचे आणि दवाखाना यांच्यामध्ये एक माणूस हवा हे तेव्हाच कळलं होतं. मी कितीतरी पेटलेली घरं त्या खोलीत पाठवलीयेत आणि तासाभरात ती माणसं शांत होऊन परत आलेली बघितलीयेत, कारण तिथे कुणीतरी त्यांना पहिल्यांदा बसा म्हटलेलं असतं.

सहीचं पण विचारलंय तुम्ही पत्राच्या शेवटी. ऑपरेशनच्या आधी जी सही घेतात त्याचा अर्थ आम्हाला धोके सांगितले आणि आमची संमती आहे एवढाच. हलगर्जी झाली तर दाद मागायचा हक्क त्या सहीने जात नाही. पण वाचून घ्या, मराठीत मागा, आणि समजलं नाही तर डॉक्टरला म्हणा पाच मिनिटं बसून सांगा.

प्रश्न : बाबा दोन महिने वॉर्डात होते, मागच्या महिन्यात गेले. तिथल्या सिस्टरनी आणि मावशींनी फार केलं त्यांचं. त्यांचे आभार मानायचे राहिले. आता परत त्या वॉर्डात जावं का? त्यांना आठवत तरी असेल का, रोज एवढे पेशंट येतात-जातात. मला त्या दारातून आत जायची भीती पण वाटते. – एक मुलगी, सावंतवाडी

उत्तर : आठवत असेल. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तिथल्याच अरुणा शानबाग या परिचारिकेला, हल्ल्यात मेंदूला इजा होऊन ती अंथरुणाला खिळली तेव्हा, तिच्या सहकारी सिस्टर लोकांनी १९७३ पासून २०१५ पर्यंत सांभाळलं, जुन्या रिटायर झाल्या, नव्या आल्या, पण तिला भरवणं, न्हाऊ घालणं चालूच राहिलं, आणि २०११ साली तिच्या वतीने कुणी बोलायचं हा प्रश्न आला तेव्हा सुप्रीम कोर्टाने केईएमच्या स्टाफलाच तिचं जवळचं माणूस मानलं. दोन महिन्यांचा पेशंट आम्ही विसरत नाही गं. बेड दुसऱ्याला मिळतो, पण महिनाभर सगळ्या त्या बेडला तुमच्या बाबांच्याच नावाने ओळखतात.

जा. दुपारी पावणेदोनच्या सुमारास जा. सकाळची ड्युटी दोनला संपते, दुपारची आलेली असते, ओव्हर द्यायला, म्हणजे पेशंटची माहिती पुढच्या ड्युटीला सोपवायला, दोन्ही शिफ्टच्या सिस्टर एका टेबलाभोवती असतात, त्यामुळे जास्तीत जास्त जणी भेटतील. जायच्या आधी फोन करून विचार कुणाची नाईट चालू आहे, तिच्यासाठी चिठ्ठी ठेव. आत जायची भीती वाटली तर दारापाशी थांब आणि मावशींना हाक मार, त्या बाहेर येतील. काही महागडं नेऊ नकोस. बाबांचा एखादा चांगला फोटो असेल तर ने, आजारी पडायच्या आधीचा, कारण आम्ही त्यांना फक्त आजारीच बघितलेलं असतं.

माझ्या वॉर्डात एक बाई अशीच आल्या होत्या, नवरा जाऊन चाळीसेक दिवस झाले असतील. फोटो दाखवला, तो माणूस बैलगाडीवर उभा होता, फेटा बांधलेला, मिशीला पीळ. आम्ही त्यांना तीन आठवडे चमच्याने पेज भरवली होती. आमच्या मावशींनी तो फोटो हातात घेतला, पदराने पुसला आणि म्हणाल्या, अगंबाई, केवढा उंच होता हा.